दुसऱ्या शनिवारी, कूलरच्या दुकानावर

बजाजनगरात कूलरच्या दुकानावर
कोचिंग क्लासचा एक हॉल आहे. मालक भाडं घेत नाही,
एवढंच म्हणतो, खाली खस भिजत घातलीय, जिना जपून.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, साडेचारला,
आम्ही आठ-दहा जण जमतो तिथे:
कुणी बँकेचा, कुणी विजेचा, कुणी कोळशाचा,
मी दवाखान्यांच्या एका साखळीची.

हुद्दा सांगितला की सासरी विचारतात,
आर्किटेक्ट? मग आमची गच्ची बघ ना जरा, गळते.
बघतेही मी. गळतीचं मला बरंच कळतं.

नियम दोनच. कंपनीचं नाव घ्यायचं नाही,
आणि निघताना फळा पुसायचा.
यशाच्या स्लाइडी ज्याच्या त्याच्या ऑफिसात दाखवून झालेल्या असतात.
इथे येतं ते उरलेलं:
सहा कोटींचं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या पोटात
अजून चालणारी पाटणकरांची एक्सेल शीट.
कुणी 'क्लाउड' म्हणालं की सगळे नकळत खिडकीकडे बघतात.
मे महिना. सेहेचाळीस. आभाळ भांड्यासारखं कोरडं.

त्या दिवशी हेडाऊ उशिरा आला, डोळे लाल.
बसलाच नाही. सरळ फळ्यावर गेला, काढू लागला
चौकोन, बाण, चौकोन, बाण,
आणि सगळ्यांच्या खाली, कोपऱ्यात,
एक चौकोन, ज्याला नाव नव्हतं.

"हे रोज रात्री दोन दहाला चालते.
सत्त्याण्णवपासून चालून राहिलं.
काय करते, कोणालेच माहीत नाही.
नव्या नकाशात बसत नव्हतं, म्हणून म्या बंद केलं.
आठ दिवस काहीच नाही झालं.
एक तारखेले उमरेडहून एक बाई आली, पासबुक घेऊन.
नवऱ्याची पेन्शन. एक रुपया कमी.
एका रुपयासाठी बस करून आली बे ती."

कुणी हसलं नाही.
विजेची ताकसांडे म्हणाली, लॉग बघितले?
मी म्हणाले, परत चालू कर आधी.
बँकवाला काही म्हणाला नाही. त्याच्याकडेही
असा एक चौकोन आहे, हे आम्हाला ठाऊक होतं.

मागच्या बाकावर लांजेवार काका,
रिटायर्ड, कुठून ते सांगत नाहीत,
आम्हाला वाटायचं, तर्रीपोह्यांसाठी येतात.
त्यांनी प्लेट बाकाखाली ठेवली. हात रुमालाला पुसले.
"तो माझा आहे," म्हणाले.

"रकान्यात जागा नव्हती तेव्हा. पैसे बसत नव्हते,
नुसते रुपये बसायचे.
वरचे पैसे कापून टाका, साहेब म्हणाले.
मी कापले नाही. बाजूच्या फाइलीत ठेवत गेलो,
जिचे तिच्या नावावर.
शंभर भरले की रुपया, तिच्या खात्यात.
दोन दहाला, कारण त्या वेळी मशीन रिकामं असायचं."

मग, जरा थांबून, "लिहून ठेवायला पाहिजे होतं.
सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतं."

खाली कुणीतरी कूलर चालू करून बघत होतं,
पंख्याची घरघर जमिनीतून पायांत येत होती.
हेडाऊने मार्कर उचलला
आणि त्या चौकोनात लिहिलं: लांजेवार.
नियमात बसत नव्हतं. कंपनीचं नाव नव्हे, हा भाग वेगळा.

निघताना फळा पुसला. सगळं गेलं,
तो चौकोन गेला नाही. मार्कर पक्क्या शाईचा होता.
ताकसांडेने सॅनिटायझर लावून पाहिलं.
काका म्हणाले, राहू द्या, आणि जिना उतरले,
जपून, एकेक पायरी.

सोमवारी मालकाचा मेसेज:
केमिस्ट्रीची पोरं विचारून राहिली, मॅडम,
लांजेवार काय आहे, परीक्षेत येते का?

मी लिहिलं, येते.
कोणत्या वर्षी, ते सांगता येत नाही.