दहा हॉर्सपॉवर

ढेबेवाडीच्या वर, एस्टी जिथून माघारी वळते
तिथून पाऊण तास चढलं की माझी गिरणी होती.
शिरगणतीला गुरुजी आले की मी म्हणायचो,
घरोघर कशाला हिंडता,
इथं बसा. रांगेतले डबे मोजा.

सपकाळांचा पितळी, झाकणाला सुतळी.
जिजा लोहारणीचा डालड्याचा, त्यात नाचणी.
नामा गुरवाचा काठोकाठ असला की समजायचं,
घाटकोपरहून पोरं आलीत.

पहिली निलगिरी सपकाळांनी लावली, वरच्या टेकावर.
थोरला वाशीला माथाडीत, धाकटा त्याच्यामागं,
औत धरणार कोण?
निलगिरीला राखण लागत नाही.
गवा तोंड लावत नाही, डुक्कर उकरत नाही,
सहा वर्षांनी ट्रक येतो
आणि पैसे वाशीला पोचतात.
चूक कुणाची म्हणू?

शिवारात पीक उरलं ते जिजाचं, एकच पट्टी,
म्हणून साऱ्या रानची डुकरं तिच्याच घरची पाहुणी.
दोन हंगाम ती रात्र रात्र डबा बडवत बसली,
तोच, डालड्याचा. दळणाला आणायची
तेव्हा दरवेळी एक पोचा जास्त.
तिसऱ्या साली तिनंही रोपं लावली,
डबा माझ्याकडं ठेवला
आणि लेकीकडं कळंबोलीला गेली.

झाडं आली म्हणून माणसं गेली
की माणसं गेली म्हणून झाडं आली,
यावर पारावर भांडण व्हायचं,
भांडायला चौघं होते तोवर.

गिरणी आठवड्यातनं दोनदा,
मग बाजाराच्या दिवशी,
मग कुणी हाक मारली तर.

कराडचा वखारवाला आला. दगड नको म्हणाला.
मोटार घेतली, पट्ट्यासकट.
आणि मलाही, रोजावर.

आता खाली फाट्यावर तीच मोटार करवत फिरवते.
सुरू होताना एकदा खोकते, तशीच.
संध्याकाळी भुवया झटकल्या की पिवळट भुसा पडतो,
बायको म्हणते, तुमच्या अंगाला
सर्दीच्या मलमाचा वास येतो.

परवा नवे गुरुजी वखारीत आले, वही घेऊन.
वर चढायचं टाळत होते. वाडीत किती, म्हणाले.
मी ओंडका खाली ठेवला,
त्याच्या बुडख्यावर लाल रंगात चारशे बारा,
आणि बोटांवर मोजायला लागलो.
अकरा.
जिजाचं नाव ओठावर आलं होतं.
लिहा अकरा, म्हणालो.

डबा मात्र फळीवर आहे.
पालथा, धुऊन.