अक्षरी रुपये

कन्नमवार नगरच्या पतपेढीत अण्णा
एकतीस वर्षं पावत्या लिहीत होते.
आकडा कुणीही खोडेल, म्हणायचे,
एकाचे सात होतात, शून्य तर कुठेही चिकटतं.
अक्षरी लिहिला की रुपया जागचा हलत नाही.
आणि शेवटी 'फक्त'.
फक्त विसरायचं नाही.

एक ते शंभर त्यांनीच सांगितले, मी टंकत गेले.
चौऱ्याऐंशीला वीज गेली, मग चहा.
भाषा फुकट, तिला जोडायचा आपला तुकडाही फुकट,
हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.
'निदान पावती तरी घे,' म्हणाले.
परवान्यातली ओळ वाचून मात्र हसले:
जसे आहे तसे, कोणतीही हमी नाही.
'हे तर गांधी मार्केटातलं!'

तुकडा गेला. कुठे गेला
ते मला नुसत्या आकड्यांत कळतं.
मंगळवारी चारशे बारा, रविवारी नऊ.
कुणाच्या दुकानात, कुठल्या क्लासच्या फीखाली
अण्णा बोलतात, ठाऊक नाही.

मार्चमध्ये नांदेडहून विशाखा गजभारेंनी कळवलं,
दोनच ओळी, सभ्य:
'एकोणसत्तर हवं. तुमच्याकडे एकुणसत्तर पडतंय.'

मी ते मोठ्याने वाचलं.
एकुणसत्तर.
चष्मा कपाळावर, गुहागरचा हेल,
आणि 'कु'वर जरा जास्तच वजन.
त्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

दुरुस्त केलं. एक उकार काढला, ओकार घातला,
चाचण्या हिरव्या झाल्या.
शून्य पॉइंट चार. गजभारेंचे आभार, नावानिशी.

पण एकदा वर चढवलेली आवृत्ती
खाली ओढायची नाही, असा तिथला रिवाज.
कुणाचं काय तिच्यावर उभं असेल, सांगता येत नाही.
शून्य पॉइंट तीन आहे तिथे आहे.
लोक आळशी आहेत, बरं आहे,
रोज पन्नास-साठ जण अजून जुनीच उतरवून घेतात.

आमच्या इमारतीची देखभालीची बिलं माझ्याकडे असतात.
त्या संगणकावर नवी घालायची राहिलीय.
राहिलीय म्हणजे,
राहू दिलीय.

तळमजल्यावरच्या किणीबाईंचं दरमहा
सहाशे एकुणसत्तर फक्त.
त्या सहाशे सत्तर देतात,
रुपया परत मागत नाहीत.
मी पावती फाडून देते.