चार तोळे, कमी-जास्त

मूठ मिटायची, उघडायची नाही.
चिमट्यात मूस धरली की धरलीच.
सोडायला डावा हात न्यायचा,
एकेक बोट सोडवायचं गाठ सोडवल्यासारखं.
देऱ्याच्या गल्लीत गलाईवाले हसले:
हसब्याचा हात मालकाच्या वळणावर गेला.

गाठ जुनी. कोपराखाली, बाहेरच्या अंगाला.
लेंगऱ्याहून निघालो तेव्हाच बरोबर आली असावी,
बिनव्हिशाची.
दुखली नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.
शालन म्हणायची, दाखवा एकदा.
मी म्हणायचो, चरबी आहे,
तुझ्या हातचं खाल्ल्याची पावती.

ओळखपत्राच्या खिडकीत बाई म्हणाली,
बोटं सपाट ठेवा.
काच गार आहे हे बोटांना कळत होतं,
पण बोटं आत दुमडून पडलेली,
ठसा नखांचाच उठेल अशी.

डॉक्टर अल्-तय्यब सुदानचे.
हात उचल म्हणाले. मनगट उठलं,
जरासं अंगठ्याकडे कलून.
बोटं? बोटं झोपलेली.
टोचतंय का इथे? टोचतंय.
एक्सरेत हाडाला बारकासा कोंब,
त्याभोवती काळसर, काही नसल्यासारखं काहीतरी.

मशीनवर शीजा होती, कोट्टयमची.
अंगठी, साखळी, अंगावर धातू काही?
मला हसू आलं.
वीस वर्षं सोन्यात, अंगावर गुंजभर नाही.
मग आत अर्धा तास ठोकाठोक,
ऐरण डोक्यात घालून निजल्यागत.

पहिल्या चित्रात गाठ पांढरी लख्ख.
दुसऱ्यात मशीनने चरबीचा उजेड दाबला
आणि गाठ विझली.
विझली म्हणजे चरबीच, डॉक्टर म्हणाले.
आमच्यात उलटं:
आगीत घालून जे उरतं ते खरं.
दोन्ही परीक्षाच म्हणा.

हजार चरबीच्या गाठींत दोन-तीन अशा,
हाडाला बिलगून वाढणाऱ्या. घातक नाही.
मग माझ्या नसेवर का बसली?
तिथे जागा अरुंद आहे, म्हणाले.
हे मात्र समजावून सांगावं लागलं नाही.
आम्ही एका खोलीत नऊ जण.

विमावाल्यांनी कागद परत धाडला:
जिवाला धोका नाही, सौंदर्याची बाब.
सौंदर्य! खोलीत रात्रभर तोच शब्द फिरला,
शिवलिंगने माझ्या कोपराला पावडर लावली.
डॉक्टरांनी दुसरं पत्र लिहिलं, इंग्रजीत, लांबलचक.
शीजाने हिंदीत सांगितलं त्यातलं एवढंच कळलं,
की या माणसाचं हातावर पोट आहे.

नस निघाली चपटी,
ठोकून ठोकून पट्टी झालेली तार.
आधी तिला अलगद बाजूला घेतलं,
मग गाठ, मग छिन्नीने हाडावरचा कोंब.
शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, बघू द्या.
आमच्या धंद्यात काढलेलं काही टाकत नाहीत,
दुकानातला केरसुद्धा जाळून पाहतात.
बरणीत होती. पिवळी, ओली, कोंबडीच्या अंड्याएवढी.
चार तोळे, मी म्हणालो.
डॉक्टरांनी वजन करून आणलं: सेहेचाळीस ग्रॅम.
एवढं पिवळं पहिल्यांदाच माझ्या मालकीचं,
तेही तपासायला लॅबने नेलं.
अहवालात एक शब्द: निरुपद्रवी.
वाचला, आणि डाव्या हाताने घडी घातली.

नस महिन्याला इंचभर चालते म्हणे.
आता पाचवा महिना.
मधलं बोट उठलं परवा,
चहाच्या टपरीवर, मी न सांगता.
मग करंगळी, कुरकुरत.
काल चिमटा उघडला, माझा मी,
मूस जागेवर टेकली, काही सांडलं नाही.
कुणी पाहिलंही नाही.

शालन रोज फोनवर विचारते, अंगठा?
अंगठा यायचाय अजून.
तिला वाटतं मी लपवतोय.
कॅमेऱ्यासमोर हात धरून बसतो,
पलीकडे ती, अलीकडे मी,
आणि मध्ये तो, हलेन की नको असा.