राहिलेला शब्द

सोहारच्या ऑफिसातून कॅम्प सदतीस किलोमीटर.
मध्ये नुसता खडा माळ, खजुराच्या दोन बागा,
आणि जमिनीखालून एकच काचेची तार.
तिच्यातूनच सगळे जातात:
दहा नंबर साहेबलोकांचा, वीस कॅमेऱ्यांचा,
तीस गेटवरच्या हजेरीचा.
प्रत्येकाच्या कपाळी आपापला आकडा,
शेजारून जाताना ओळख दाखवायची नाही.
मुक्कामी उतरवताना स्विच तो आकडा पुसून घेतो,
मग ज्याच्या दारी पोचला त्याला कळतही नाही
की हा वाटभर कोणाच्या मांडीला मांडी लावून आला.

गुरुवारी संध्याकाळी वरून निरोप:
कामगारांनाही द्या. नंबर चाळीस.
मी जागेवरूनच तिकडच्या ट्रंकवर ओळ टाकली,
आणि 'ॲड' लिहायचं राहिलं.

ॲड म्हटलं तर, आहेत ते राहू देत, हाही येऊ दे.
नाही म्हटलं तर, हाच.
मशीन शब्दाला जागतं.
एंटर दाबलं, आणि कर्सर जागच्या जागी थिजला.
बसलो होतो ती फांदी मीच तोडली होती.

कन्सोलची निळी केबल सीटवर टाकून गाडी काढली.
फोनवर फोन. कॅमेरे आंधळे, मेल अडकलेले.
गेटवर मुराद बलुशी जुनी कागदी वही शोधत होता,
पेन माझ्याकडूनच घेतलं.

आत, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून
लिंगय्या फोन उंच धरून करीमनगरला दाखवत होता
आपली खाट, खाटेखालची पेटी, टाकीवरची मांजर.
तीन वर्षं रिचार्जची कार्डं खरवडलेलं ते बोट
मांजरीकडे रोखलेलं.
कोणी ओरडून बोलत होतं. एकजण बोलतच नव्हता,
नुसता बघत होता.
अख्खी तार त्यांची. आवाज कुठे तुटत नव्हता.

रॅकच्या खोलीत जाऊन केबल लावली.
दुरुस्ती म्हणजे एक ओळ.
टाइप केली, ह्या खेपेला शब्दासकट,
आणि एंटरवर बोट ठेवून उभा राहिलो.
तसं त्यांचं काहीच जाणार नव्हतं,
फक्त बाकीचे परत येणार होते.
दाराच्या फटीतून एका पोरीचा आवाज आला.
तेलुगू मला येत नाही.
मांजर परत दाखव, एवढं कळलं.

अहवालात कारण लिहिलं: मानवी चूक.
बंद काळ: एक तास चार मिनिटं.
त्यातली शेवटची सात कशाची,
ते कोणी विचारलं नाही.