खालचा खण

फिजिक्सच्या लॅबमध्ये, व्हर्नियर कॅलिपरच्या पेट्यांखाली
एक खण आहे, त्याची किल्ली माझ्याकडे.
प्राचार्यबाई म्हणाल्या, लांजेवार, तुम्हीच ठेवा,
तुम्ही सिगारेट सोडलेले.
बारा वर्षं झाली.
सोडलेली वर्षं सगळे मोजतात,
ओढलेली मी एकटाच.

खण उघडला की आधी टरबूज येतं,
मग आंबा, मग पुदिना,
मग काहीतरी निळं, ज्याचं झाड कुठेच नाही.
संत्र्याचं मात्र एकही नाही. नागपुरात!
शिपाई रामटेके म्हणाला,
बाप्पा, घरचं फळ कोण ओढते सर.

पहिला सापडला तेव्हा पेनड्राइव्ह समजून
मीच तो कॉम्प्युटरला लावला होता.
फाइल उघडली नाही.
टोकाला छोटासा दिवा लागला
आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

तेव्हापासून वही.
तारीख, वर्ग, कुठे.
अकरावी ब, सोहम हेडाऊ, डावा मोजा.
नववी क, कंपासपेटी, कोनमापकाखाली.
दहावी अ, प्रांजली निकोसे आणि तिघी,
जिन्याखालचं बाथरूम, चौघींत एक,
वर्गणी काढून घेतलेला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला.
प्रिलिमच्या आठवड्यात दोन दिवसांत तीन.
मे महिन्यात शून्य, कारण कॉलेज बंद.
त्या शून्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

हेडाऊचे वडील इतवारीतून आले, दुकान टाकून.
गालात खर्रा, बोलता येईना.
खिडकीशी गेले, थुंकले, परत येऊन बसले,
म्हणाले, पोरगं व्यसनी निघालं न सर.
शर्टाच्या खिशातून पन्नीचं टोक डोकावत होतं.
मी त्यांना पाणी दिलं.

निकोसेच्या आई शांत होत्या.
धूर नाही ना तो, वाफ आहे, म्हणाल्या,
सर्दी झाली की आपण नाही का घेत,
आणि लगेच पदर तोंडाला लावून रडल्या.

आमच्या गल्लीत थावकर राहतात, बँकेतले.
दिवसाला दोन पाकिटं होती, आता फक्त हे.
संध्याकाळी फुटाळ्यावर गाडी लावतात, काचा वर,
आत एकटे, बाहेरून नुसता ढग दिसतो.
मी टकटक केलं.
म्हणाले, सिगारेट सुटली, लांजेवार.
मग हे?
हे धरलंय, सोडायसाठीच.
आणि मिळतं कुठे, बंदी आहे ना?
ते जरा थांबले.
पोराला माहीत आहे कोणाला फोन करायचा.

वहीत रकाना नाही, नाहीतर लिहिलं असतं:
पोरं चौघांत एक ओढतात,
मोठी माणसं एकेकटी,
आणि फोन नंबर दोघांचा एकच.

एप्रिलमधली गोष्ट. प्रॅक्टिकल संपलेली,
बाहेर चव्वेचाळीस, कूलरची खस वाळलेली.
बल्बच्या वायरी गुंडाळता गुंडाळता
खण उघडला. का, ते विचारू नका.
लाल रंगाचा एक, पकडला तेव्हा अर्धा भरलेला.
बटण नाही, काडी नाही, राख नाही,
ओठ लावले की तो स्वतःच पेटतो,
इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

गोळा.
महालातल्या शाळेबाहेरचा, चार आण्यांचा,
हातभर लाल ओघळ, कोपरापर्यंत.
मी आठ वर्षांचा होतो आणि
कोणीतरी मला आवाज देत होतं.
मग खोकला आला, इतका की
स्टूल धरून उभा राहिलो.

वहीत अकरा आहेत. खणात अकराच आहेत.
उद्या हेडाऊ माफीपत्र घेऊन येणार,
ते मला वाचून घ्यायचं आहे,
सही करायची आहे.
खिडक्या उघड्या टाकल्या तरी
लॅबमध्ये अजून लाल वास आहे.
रामटेके झाडू घेऊन आला,
दारात थबकला, नाक वर केलं,
माझ्याकडे पाहिलं
आणि काही न बोलता
दुसऱ्या टोकाकडून झाडायला लागला.