रेवणला, चार दिवसांसाठी

किल्ली मीटरपेटीच्या मागं, खिळ्याला.
भाचीचा साखरपुडा उरकून भिवंडीहून सोमवारी येतो,
गाडी वेळेवर असेल तर.
तोवर काचेची टाकी तुझ्या हवाली.
सात मासे आहेत. आल्यावर मी मोजणार नाही,
पण तू रोज मोज.

खाणं सकाळी एकदाच.
दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं घे,
आणि त्यातलं अर्धं परत डब्यात टाक.
काचेशी येऊन तोंडं वासतील, जन्माचे उपाशी असल्यासारखे.
भुलू नकोस. पगाराच्या आदल्या दिवशी
शेटजीसमोर आम्हीपण असंच तोंड करायचो.
उरलेलं तळाला बसतं, कुजतं,
आणि पाण्याला वास येतो
हौदात विसरलेल्या सुताचा.

शनिवारी नळ येईल. रात्री दोनला, नाहीतर तीनला.
निळ्या दोन बादल्या भर, झाकण घालू नकोस.
रात्रभर, दिवसभर उघड्या राहू देत,
औषधाचा उग्रपणा उडून जाऊ दे.

रविवारी संध्याकाळी आधी पिना काढ,
हात कोरडे असताना.
नळीचं एक टोक तळाच्या खड्यांत खुपस,
दुसरं खाली बादलीत धर, तोंडानं एकदाच ओढ.
तोंडात आलं तर थुंक. मीपण थुंकतो.
चार बोटं पाणी उतरलं की थांब.
चारच बोटं बे. सगळं काढायचं नाही.

सगळं मी काढलं होतं एकदा.
अडतीस वर्षं रंगखात्यात गेली,
हौद खरवडल्याशिवाय दुसरा रंग धरत नाही
एवढंच या हातांना ठाऊक.
खडे धुण्याच्या पावडरीनं घासले,
स्पंज नळाखाली चोळून चोळून पांढरा केला.
काच अशी लखलखली की अंबूबाई दारातनं म्हणाली,
नवी आणली काय हो टाकी?
दुपारपर्यंत चार मासे आडवे.
नातवाला पुण्याला फोन केला, म्हटलं ऊन लई आहे.
ऊन होतंच तसं.

सात रस्त्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
मामा, स्पंजातल्या त्या चिकट मळावरच तर टाकी जगते.
काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दोनदा. तिसऱ्यांदा नाही.
मला पटायला महिना गेला.
अजूनही तिसऱ्यांदा हात जातो.

काच पुसायला टॉवेलचा तुकडा ठेवलाय,
कोरा, रंग न पाहिलेला.
माझ्या हातचा रंग पक्का, धुऊन बघ म्हणून
गिऱ्हाइकाला सांगायचो मी,
तरी त्या पाण्यात तो नको.
पहिल्यांदा हात बुडवला तेव्हा
नखांकडं बघत उभा राहिलो कितीतरी वेळ,
निळं सुटतंय का.
नाही सुटलं.

नवं पाणी तांब्यानं घाल, काचेला लावून, सावकाश.
उन्हाचा पारा बेचाळीसच्या पुढं गेला
तर फ्रिजमधली बर्फाची बाटली आत तरंगत सोड.
लाइट गेली तर मगानं पाणी उचल, वरून ओत,
परत उचल, परत ओत,
हात भरून येईपर्यंत. मग चहा घे. मग परत.

शेपूट फाटलेली एक आहे, कोपऱ्यात असते.
आजारी नाही. तिचं तसंच आहे.

काढलेलं पाणी मोरीत नको, कढीपत्त्याला घाल.
आणि शनिवारी धार बारीक असली
तर आधी तुमच्या घरचं भरून घे.
मासे थांबतील.
त्यांच्याकडं पाणी आहे.