तुलनात्मक तक्ता

चादर, सिंगल, पांढरी, निळी किनार,
साठ बाय नव्वद, नग बाराशे.
तीन दरपत्रकं, एक तक्ता,
आणि तक्त्याच्या तळाशी माझी सही.

सतरा वर्षं मी ह्या इस्पितळाची खरेदी बघते.
सुया, सलाईन, फिनेल, खाटा.
घरी भाजी घेताना मी घासाघीस करत नाही;
माझी सगळी इथेच संपते.

सर्वात खालचा दर दोनशे चौदा.
त्याच्यावरचा दोनशे सदतीस.
मध्ये तेवीस रुपये.
गेल्या वर्षी हेच तेवीस मी वाचवले,
समितीने मला पेढा दिला.
दिवाळीत किनार विरली.
संक्रांतीला लाँड्रीतल्या नागूबाईने
चादर उजेडात धरली
तर पलीकडची खिडकी दिसली, गजांसकट.
"म्याडम, ही चादर का चाळण?"

तिने भिंतीवर कोळशाने रेघा मारल्या होत्या.
स्वस्त चादर: एकेचाळीस धुणी.
ऑपरेशन विभागासाठी वडनालांकडून घेतलेली थोडीशी:
अठ्ठ्याहत्तर, आणि रेघा चालूच.
माझ्या तक्त्यात धुण्यांना रकाना नाही.
माझ्या तक्त्याला भिंतच नाही.

यंदा वरून नवा फॉर्म आला.
'जबाबदार खरेदी', बावीस प्रश्न,
कोपऱ्यात छापलेलं हिरवं पान.
तो घेऊन मी पूर्व भागात गेले,
एप्रिलच्या दुपारी, साईबाबा चौकातून आत,
जिथे बोलायचं ते ओरडूनच,
प्रेमाचं असलं तरी.

राजमणी वडनाल. सहा माग, एक पंखा.
"कूर्चो अम्मा," म्हणत तिने स्टूल पुसलं,
ताक दिलं,
आणि मी खडखडाटावरून प्रश्न वाचत गेले.

बालकामगार?
"तो झोपलाय तो माझा नातू. परीक्षा संपली त्याची."
पाळी?
"आठ तास. वीज गेली तर वीज देईल तेवढी."
कानांना संरक्षण?
तिने कापसाचे बोळे दाखवले
आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावला.
रंगाचं सांडपाणी?
हसली. "नळाला चार दिवसांआड पाणी,
सांडायला आणू कुठून?
रंगवलेलं सूत बाहेरून येतं.
तिकडे काय सांडतं ते मी पाहिलं नाही.
खोटं कशाला लिहू?"

बावीस संपले.
धोटा गेला, आला, गेला.
तिने माझ्या पेनाकडे बोट केलं.
"तेविसावा मी विचारू?
ऑगस्टचं बिल, अम्मा.
एप्रिल लागला.
सुताचा व्यापारी फॉर्म भरून घेत नाही,
व्याज घेतो."

मागांच्या आवाजाचं एक बरं असतं:
कोणी गप्प बसलं तर कळत नाही.

बिल सापडलं. कुठे शोधावं लागलंच नाही,
माझ्याच दुसऱ्या खणात, टाचणीला गंज,
वर शेरा: 'तिसरी प्रत जोडलेली नाही. परत.'
अक्षर माझं.
परत पाठवायचंही राहून गेलेलं.

झेरॉक्सला दोन रुपये लागले.
अकाउंट्सचे गुळवे चहाला गेले होते;
ते येईपर्यंत त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले,
पुरवठादार उभे राहतात तशी,
पिशवी छातीशी धरून.

मग पट्टी घेऊन तक्त्याला दोन रकाने आखले.
पहिला: किती धुणी.
दुसरा: आपण पैसे कधी देणार.
दुसऱ्याचा मथळा मावेना,
शेवटची अक्षरं समासात गेली.
समिती मंगळवारी आहे. विचारतील,
हा नमुना कोणी मंजूर केला.

हिरव्या पानाच्या फॉर्मवर
सांडपाण्यापुढची चौकट तेवढी राहिली.
'होय' किंवा 'नाही', एकावर खूण करा.
दोन्ही खोडली.
'पाहिलं नाही', मी लिहिलं,
आणि पुढे सूतरंगाऱ्याचा पत्ता.